पालकांनो, थोडे पालकाविषयी

शुक्रवारी वर्ग सुटला की आम्हांला खाऊ मिळतो. चिवडा, लाडू, कधी ढोकळा, आणि सोबत काहीतरी पेय. पेय म्हणजे बहुतेक वेळा खोक्यातला रस नाहीतर आंब्याचा मिल्कशेक. आमच्या वर्गातल्या एका मित्राला दूध चालत नाही. मिल्कशेकच्या दिवशी तो गुपचूप पाण्याची बाटली काढतो आणि "मला नकोच होते" असे सांगतो. हे आम्ही बरेच दिवस पाहत होतो आणि आपला पेला रिकामा करत होतो. त्याची थोडी लाज वाटली, म्हणून हा लेख.

आमचे म्हणणे असे आहे. वर्गाच्या खाऊत महिन्यातून निदान दोनदा हिरवा पेला असावा. हिरवा पेला म्हणजे फळे आणि पालेभाजी मिक्सरमधून एकत्र वाटून केलेले दाट पेय. त्यात दूध, दही, मध काही नको. आणि त्यातली पालेभाजी शक्यतो इथली, बहरीनच्या मातीतली असावी.

हे खूळ आमचे नाही. दूध, तूप, मध असे प्राण्यांपासून मिळणारे काहीच न खाणाऱ्यांसाठी 'व्हीगन' हा शब्द इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी १९४४ साली काढला. फळांच्या पेयात कच्चा पाला घालायची पद्धत अमेरिकेत राहणाऱ्या व्हिक्टोरिया बुटेन्को यांनी २००५ सालच्या पुस्तकातून लोकप्रिय केली. आपल्याकडे मात्र शाकाहार म्हटला की दूध-तूप आलेच. केळे म्हटले की शिकरण आले! त्यामुळे दुधावाचून गोड पेय होते, हेच घरात कोणाला पटत नव्हते.

मग आम्ही एका मैत्रिणीच्या घरी जमून प्रयोग केला. पहिल्या खेपेला सगळे एकदम मिक्सरमध्ये टाकले. पेय झाले, पण पानांचे तुकडे दातांत अडकले आणि रंग शेवाळासारखा आला. दुसऱ्या खेपेला आधी पाला आणि पाणी बारीक वाटून घेतले, मग फळे घातली. ते जमले. सहा जणांना पुरेल असे प्रमाण देत आहोत: दोन पिकलेली केळी, दोन सोललेली संत्री, चार बिया काढलेले खजूर, दोन मुठी धुतलेला पाला, अर्ध्या लिंबाचा रस, आल्याचा लहान तुकडा आणि दीड पेला गार पाणी. साखर नाही. पिकलेले केळे पाल्याचा उग्र वास झाकते. लिंबू-संत्र्यातले क जीवनसत्त्व पाल्यातले लोह अंगी लागायला मदत करते. चहा त्याच्या उलट काम करतो, म्हणून पेल्याबरोबर चहा नको. खजूर आम्ही इथला 'खलास' जातीचा घेतला. नावाप्रमाणेच डबा लगेच खलास झाला!

आता पाल्याची गोष्ट. पहिल्या दिवशी आम्ही मोठ्या सुपरमार्केटमध्ये गेलो आणि परदेशातून विमानाने आलेले 'केल' घेतले, कारण चित्रांत तेच असते. किंमत पाहून मैत्रिणीच्या आईने कपाळाला हात लावला. पुढच्या शनिवारी तिचे बाबा आम्हांला बुदैय्याच्या बागेत हिवाळ्यात भरणाऱ्या शेतकरी बाजारात घेऊन गेले. तिथे बहरीनच्या शेतांतल्या ताज्या जुड्या मांडलेल्या होत्या: जरजीर, कोथिंबीर, मुळ्याचा पाला, पालक. अरबी लोक ज्याला 'बरबीर' म्हणतात ती भाजी म्हणजे तर आपली घोळ! आजीच्या गावाकडे जी बांधावर उगवते ती इथे आम्ही इतकी वर्षे ओळखलीच नव्हती.

बहरीनमध्ये एक म्हण आहे: अधारीच्या झऱ्यासारखा, लांबच्यांना पाणी पाजतो आणि जवळच्यांना कोरडे ठेवतो. अधारी हा मनामाजवळचा प्रसिद्ध झरा. त्याचे पाणी पाटाने दूरच्या शेतांना जायचे, म्हणून ही म्हण पडली. पुढे बेटावरचे भूजल उपसून उपसून खाली गेले आणि झरा आटला. आज तिथे अधारी पार्क आहे, आणि आपण तिथे पाळण्यात बसायला जातो. आपली मराठी म्हणही हेच सांगते, काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोन्ही म्हणी आमच्या 'केल'च्या जुडीला लागू पडल्या. ज्या देशात पाणी इतके मोलाचे, तिथे कोणीतरी कष्टाने पिकवलेला ताजा पाला सोडून आपण हजारो मैलांवरचा शिळा पाला का घ्यावा?

काही मोठ्यांचे आक्षेप आहेत. ते आम्ही नीट ऐकले. एक आजी म्हणाल्या, "दात दिलेत ना देवाने? मग चावून खा." त्यांचे बरोबर आहे. फळ वाटले की त्यातली साखर मोकळी होते आणि दातांनाही लागते. म्हणून इंग्लंडची सरकारी आरोग्यसेवा सांगते की फळांचे रस आणि अशी वाटलेली पेये मिळून दिवसाला १५० मिलिलिटरपेक्षा जास्त नकोत, आणि तीही जेवणाखाण्यासोबत. म्हणून आम्हीही लहान पेलाच भरणार, आणि चोथा गाळून टाकणार नाही. हा पेला पालेभाजीच्या जागी नाही. घरी ताकातला चाकवत किंवा मेथीची भाजी झाली तर ती खायचीच. जागतिक आरोग्य संघटना दहा वर्षांवरील माणसाला रोज किमान ४०० ग्रॅम फळे-भाज्या खायला सांगते. तेवढे एका पेल्यात मावत नाही.

दुसरा आक्षेप कच्च्या पाल्याचा. पालक आणि घोळ यांत ऑक्झॅलेट फार असते, ते कॅल्शियमला धरून ठेवते आणि अति झाले तर मूत्रपिंडाला त्रास देते. म्हणून या भाज्या थोड्या आणि आलटून पालटून घ्याव्यात. मधूनमधून जरजीर किंवा कोथिंबीर घालावी. आमच्यातल्या एकाने अळूची पाने सुचवली होती. त्याच्या आजीने साताऱ्याहून फोनवरच त्याला थांबवले! कच्चे अळू घशाला खाजते, ते शिजवूनच खायचे असते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफॅरिनसारखी गोळी घेणाऱ्या आजोबांनी पालेभाजी एकदम वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. आणि हा पेला दुधातल्या कॅल्शियमची भरपाई करत नाही. ते काम तीळ, नाचणी यांनी करावे.

इतके सांभाळूनही हा पेला खोक्यातल्या साखरपाण्यापेक्षा चांगला, असे आमचे ठाम मत आहे. २०१७ च्या अखेरीस बहरीन सरकारने सोडा-कोलासारख्या शीतपेयांवर ५० टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर १०० टक्के कर बसवला. सरकारला जे कळले ते आपल्या खाऊच्या टेबलाला अजून कळलेले नाही.

पालकांनो, तुम्ही आम्हांला रोज पालक खायला सांगता. आता आमची एक विनंती ऐका. महिन्यातून दोन शुक्रवार पेयाचे काम मोठ्या गटाकडे द्या. पाला निवडणे, धुणे, वाटणे आणि शेवटी मिक्सर घासणे, सगळे आम्ही करू. तुम्ही फक्त आदल्या दिवशी बाजारात घेऊन चला. आणि कोपऱ्यावरच्या कोल्ड स्टोअरमधून रसाचा खोका आणायची सवय तेवढी सोडा.

मागच्या शुक्रवारी आम्ही घरून बाटलीत भरून थोडे पेय आणले होते. आमच्या मित्राने पेला पुढे केला. पहिला घोट घेऊन तोंड वाकडे केले, म्हणाला, "आले जास्त झाले." मग दुसऱ्यांदा पेला पुढे केला. आले कमी करू. पण तो पेला रिकामा राहू नये, एवढेच आमचे म्हणणे.

— मोठ्या गटातील विद्यार्थी