‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी शंभर फील्ड

हिवतापाच्या अहवालावर नुसतं ‘निगेटिव्ह’ असं लिहून देणं मला पटत नाही. स्लाइड कोणी पाहिली, किती पाहिली, रक्ताचा जाड थेंब तपासला की फक्त पातळ थर, यातलं काहीच त्या एका शब्दातून कळत नाही.

चेन्नईच्या पश्चिमेला, बंगळूर महामार्गावरच्या इरुंगाट्टुकोट्टैत मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ आहे. नवऱ्याची नोकरी चाकणहून इथल्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीत आली, तशी मीही आले. ह्युंदाईचा मोटार कारखाना इथलाच. आसपास सुटे भाग बनवणारे कारखाने, आणि त्यांच्या आडोशाने कंत्राटी कामगारांच्या खोल्या. ओडिशा, झारखंड, बिहारची पोरं. त्यांना तमिळ येत नाही, म्हणून रक्त काढताना हिंदीत विचारपूस मीच करते. ‘गावाकडून कधी आलास?’ हा माझा पहिला प्रश्न असतो, आणि तो गप्पांसाठी नसतो. चेन्नई शहराचा स्वतःचा हिवताप बहुतांशी व्हायवॅक्स जातीचा. गच्चीवरच्या टाक्यांत आणि विहिरींत वाढणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी डास तो पसरवतो. ओडिशा-झारखंडच्या जंगलपट्ट्यातून आलेल्या मुलाच्या रक्तात मात्र फाल्सिपॅरम असू शकतो, आणि तो मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो.

हा फरक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. व्हायवॅक्स शिरलेली तांबडी पेशी फुगते, आणि रंग नीट बसला असेल तर तिच्यात बारीक गुलाबी ठिपके उमटतात. फाल्सिपॅरमची पेशी फुगत नाही. आत नाजूक कडी, कधी एकाच पेशीत दोन, कधी अगदी कडेला चिकटलेली. पुढच्या अवस्थेत चंद्रकोरीसारखा आकार दिसला की शंकाच उरत नाही. रंग ‘नीट बसणं’ हे वाटतं तितकं किरकोळ काम नाही. रंगात मिसळायच्या पाण्याचा पीएच ७.२ च्या आसपास हवा. पाणी आम्लाकडे झुकलं की ते ठिपके उमटतच नाहीत, आणि व्हायवॅक्स ओळखायची मोठी खूण हातची जाते.

सूक्ष्मदर्शकाबद्दल लोकांचा एक समज पक्का असतो: जितकं मोठं दाखवेल तितकं चांगलं. मोबाइलमधला फोटो बोटांनी ताणत गेलं की तो मोठा होतो, पण नवं काही दिसत नाही. नुसतं मोठं करणं हे तसंच. खरी कसोटी असते ती एकमेकांना खेटून असलेले दोन बिंदू वेगळे दिसतात का, ही. आमच्याकडे १० पटीचं आयपीस आणि १०० पटीचं ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे एकूण १००० पट. हे भिंग वापरताना स्लाइडवर तेलाचा थेंब टाकावा लागतो. काचेतून हवेत येताना प्रकाश वाकतो आणि तिरपे किरण भिंगाच्या बाहेर निसटतात. तेलाचा अपवर्तनांक काचेइतकाच असल्यामुळे ते भिंगात शिरतात आणि बारकावे उमटतात. तरीही प्रकाशाची म्हणून एक हद्द आहे. जर्मनीत येना इथे अर्न्स्ट ॲबे यांनी १८७३ साली ती मांडली: साधारण ०.२ मायक्रॉन. तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, हिवतापाची कडी दोन-तीन मायक्रॉनची, म्हणजे ती आपल्या टप्प्यात येते. डेंगीचा विषाणू ०.०५ मायक्रॉनचा, तो या भिंगातून कधीही दिसणार नाही.

म्हणूनच मी झटपट तपासणीच्या किटच्या विरोधात नाही. डेंगीला किटच हवी. गडचिरोलीच्या पाड्यावर आशाताईच्या हातातली हिवतापाची किट पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देते आणि जीव वाचवते. तिथे सूक्ष्मदर्शकाची वाट पाहत बसणं गुन्हा ठरेल. पण कारखान्यांच्या पट्ट्यात, जिथे सूक्ष्मदर्शक टेबलावर असतो, तिथे किटवर भागवून स्लाइड बाजूला ठेवणं मला धोक्याचं वाटतं. फाल्सिपॅरमची किट एचआरपी-२ नावाचं प्रथिन शोधते. परजीवी मेल्यावरही हे प्रथिन रक्तात काही आठवडे राहतं, त्यामुळे बरा झालेला मुलगाही पॉझिटिव्ह दिसतो. उलट काही परजीवींमध्ये या प्रथिनाचं जनुकच नसतं. तिथे किट गप्प राहते. शिवाय रक्तात परजीवी किती आहेत आणि औषधानंतर कमी झाले का, हे किट सांगत नाही. दोनशे पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी दिसले, हा आकडा डोळ्यानेच काढावा लागतो.

आणि जात नेमकी कळण्यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. फाल्सिपॅरमला आर्टेमिसिनिनची मिश्र औषधं ताबडतोब लागतात. व्हायवॅक्सला तीन दिवस क्लोरोक्विन, आणि यकृतात दडलेले परजीवी मारायला चौदा दिवस प्रायमाक्विन. कंत्राटदार दहाव्या दिवशी पोराला दुसऱ्या साइटवर हलवतो, गोळ्या सुटतात, आणि काही महिन्यांनी तोच मुलगा पुन्हा थंडी वाजत समोर उभा राहतो. हे मी पाहिलंय आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी पाहिला, तेव्हा त्यांच्या सूक्ष्मदर्शकाचे स्क्रू घामाने गंजलेले होते आणि आयपीसला तडा गेला होता. पंखाही बंद, नाहीतर चिरलेले डास उडून जायचे. चेन्नईच्या दमट हवेत त्यांची मला रोज आठवण येते. इथे भिंगांवर बुरशी चढते. सिलिका जेल बदलत राहावं लागतं, काम संपल्यावर तेल पुसावंच लागतं. यंत्र जुनं असेना, पाहणारा डोळा तयार हवा. तो तयार व्हायला वर्षं लागतात आणि रोज स्लाइड पाहिली नाही तर तो मंदावतो. जाड थेंबाची किमान शंभर फील्ड, म्हणजे भिंगातून एका वेळी दिसणारी वर्तुळं, पाहिल्याशिवाय ‘परजीवी दिसले नाहीत’ असं लिहू नये, असा नियम आहे. तपासण्यांच्या ढिगासमोर बसलेल्या तंत्रज्ञाला तेवढा वेळ कोण देतं?

चाकण, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी इथेही अशाच खोल्या आहेत आणि त्याच गावांहून आलेली मुलं आहेत. तिथल्या कारखान्यांनी कंत्राटी कामगारांच्या तापाच्या तपासणीत किटसोबत स्लाइडही सक्तीची करावी. अहवालावर परजीवीची जात, अवस्था, संख्या आणि पाहणाऱ्याचं नाव असावं. स्लाइड फेकून न देता जपून ठेवावी. क्षयरोग कार्यक्रमात थुंकीच्या काही स्लाइड, पहिला निकाल न सांगता, दुसऱ्या तंत्रज्ञाकडून पुन्हा तपासून घेतल्या जातात. खासगी प्रयोगशाळांतल्या रक्ताच्या स्लाइडलाही हीच पद्धत लावा. माझ्या स्लाइड दुसऱ्या कुणी तपासल्या तर मला कमीपणा वाटणार नाही; उलट, मीच ते मागते आहे.