घटका कोण मोजतंय?

पूर्वी लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडत. पाण्यात तरंगणारं वाटीसारखं भांडं, बुडाला बारीक भोक. २४ मिनिटांत ते भरून बुडालं की झाली एक घटका. पण भांडं नुसतं बुडतं, कितव्यांदा बुडलं ते सांगत नाही. मोजायला शेजारी माणूस बसवावा लागतो. त्याला डुलकी लागली की एक घटका गेली! भांडं निर्दोष, मुहूर्त मात्र चुकलेला.

व्हर्च्युअल मशीनमधल्या (पुढे नुसतं व्हीएम म्हणतो) घड्याळाचं दुखणं नेमकं हेच. लिनक्स पूर्वी टायमरचे ठोके मोजून वेळ ठेवायचं. २.४ कर्नलमध्ये सेकंदाला १००, २.६ च्या सुरुवातीला १०००. पण एका होस्टवर दहा व्हीएम असले की प्रोसेसर आळीपाळीने मिळतो, आणि पाळी नसते तेव्हा गेस्ट गोठलेला. ठोके हुकतात. मग होस्ट हुकलेले ठोके मागाहून भराभर पाठवायचा, आणि काही कर्नल स्वतःही हुकलेल्या ठोक्यांचा हिशेब जोडायची. घरमालक आणि भाडेकरू दोघांनीही तेच वीजबिल भरावं तसं! परिणाम? मागे पडणारं घड्याळ चक्क पुढे पळायला लागायचं.

पुढे केव्हीएम-क्लॉकसारख्या सोयी आल्या. गेस्टने मोजायचं नाही, होस्टला विचारायचं. ठोक्यांचा प्रश्न बराचसा मिटला, आणि तिथेच आपण सगळे निर्धास्त झालो. 'होस्टचं घड्याळ बरोबर आहे ना, मग गेस्टचंही बरोबरच' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसूही येत नाही.

एका पतसंस्थेतली गोष्ट सांगतो. (नाव कशाला?) सकाळी ९:५० ची एक नोंद, आणि ज्याच्या लॉगिनने ती झाली त्या कारकुनाची हजेरी १०:१५ ची. म्हणजे पासवर्ड दुसऱ्या कुणाला दिला, असा निष्कर्ष साहेबांनी काढलाच. चौकशी दोन दिवस चालली. मी लॉग बघायला गेलो तेव्हा तो बिचारा माझ्याकडे डॉक्टरकडे बघावं तसा बघत होता.

झालं होतं असं. रविवारी होस्टच्या कामासाठी व्हीएम ४० मिनिटं गोठवून पुन्हा चालू केला होता. गेस्ट जिथे थांबला होता तिथूनच पुढे निघाला. मुचकुंद गुहेतून बाहेर आला तेव्हा युग बदललं होतं, तशी गत. आत एनटीपी होतं की! पण चालू असलेल्या एनटीपीडीला मूळ सेटिंगमध्ये १००० सेकंदांहून जास्त फरक दिसला तर ते घड्याळ दुरुस्त करत नाही, सरळ बंद पडतं. जाताना लॉगमध्ये एक ओळ लिहून गेलं होतं. ती कोण वाचणार? व्हीएम जागा झाल्यावर होस्टकडून एकदा वेळ घेण्याची सोयही 'दोन मालक नकोत' म्हणून कुणीतरी बंद केली होती. ती नोंद खरं तर १०:३० ची.

दोन मालक नकोत हे मलाही मान्य आहे. सतत घड्याळ ओढणारे दोघे असले तर एक पुढे ओढतो, दुसरा मागे. पण 'सतत' हा शब्द महत्त्वाचा. रोजची राखण गेस्टमधल्या एनटीपीने करावी, होस्टची सततची जुळवणी बंद ठेवावी, पण झोपेतून उठवताना एकदा वेळ सांगण्याचं काम होस्टचंच. तो झोपला होता हे दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? केव्हीएमवर हे गेस्ट एजंटमार्फत करता येतं.

एनटीपीडीऐवजी क्रोनी वापरत असाल तर अजून एक बघा. अनेक ठिकाणी घड्याळाला एकदम उडी मारायची मुभा फक्त पहिल्या तीन जुळवण्यांपुरती दिलेली असते. नंतर क्रोनी हळूहळू सरकवतं, आणि ४० मिनिटांचा फरक भरायला सुमारे आठ तास घेतं. गोठवले जाणारे व्हीएम असतील तर ती मुभा कायमची द्यावी असं माझं मत. डेटाबेसवाले कुरकुरतील, विशेषतः उडी मागे असेल तर. त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण आठ तास खोटी वेळ छापत राहण्यापेक्षा हे बरं.

आता तर हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न राहिलेला नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इनने निर्देश काढले: यंत्रणांची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, नाहीतर त्यांच्याशी जुळलेल्या, एनटीपी सर्व्हरशी जोडा, आणि लॉग १८० दिवस जपा. बहुतेक ठिकाणी होस्ट जोडतात, तक्त्यात बरोबरची खूण करतात आणि चहाला जातात. लॉग तर गेस्टमध्ये तयार होतात! चुकीच्या वेळेचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे, आणि एखाद्याच्या नोकरीवर बेतलं की तेच पुरावा म्हणून काढायचे...

त्या कारकुनाला पुढे कुणी सॉरी म्हटल्याचं माझ्या तरी कानावर आलं नाही. व्हीएमचं घड्याळ मात्र त्याच दुपारी लावलं.