रागाची सबब आणि कायद्याचे घड्याळ

धुऱ्याचा तंटा निघाला की शेलूबाजारच्या बाजारात कोणी तरी शहाणा हमखास सांगतो, 'रागाच्या भरात खून झाला तर कायदा माफ करतो.' शेतकरी व कारागीर बंधूंनो, हे धडधडीत खोटे आहे.

१८६० च्या दंडसंहितेतील ३०० व्या कलमाचा पहिला अपवाद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या १०१ व्या कलमात आला आहे. चिथावणी गंभीर हवी, अकस्मात हवी, आणि तिने मनुष्याचा स्वतःवरील ताबा सुटलेला हवा. मुद्दाम ओढवून घेतलेली चिथावणी चालत नाही. एवढे सिद्ध झाले तरी सुटका नाहीच. खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरतो, आणि त्यालाही जन्मठेप होऊ शकते.

आता थोरांचा खटला पाहा. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलाचे कमांडर नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा यास गोळ्या घातल्या. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने त्यांना निर्दोष म्हटले. हायकोर्टाने १९६० साली जन्मठेप दिली. सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. घरून निघून, जहाजावरून पिस्तूल घेऊन गोळी झाडीपर्यंत सुमारे तीन तास गेले; तेवढ्यात मन ताब्यात यावयास हवे होते, असे कोर्ट म्हणाले. न्याय ठीक झाला. पण १९६४ साली राज्यपालांची माफी आली! कुणब्याच्या पोरासाठी अशी माफी आणावयास कोण धावतो?

आमचा खरा आक्षेप त्या घड्याळावर आहे. वर्षानुवर्षे मार खाणारी बाई बलदंड नवऱ्यावर समोरून हात उचलू शकत नाही. तो निजल्यावर उचलला, तर 'मध्ये वेळ गेला' म्हणून तिची सबब अडते. उलट संशयाने पेटून जागच्या जागी कुऱ्हाड घालणारा नवरा तीच सबब पुढे करतो! मयताचे मागचे वर्तन जमेस धरता येते, असे १९६१ च्या त्याच निकालात आहे. ते या बाईच्या बाजूने पुरते धरावे, आणि निव्वळ संशयाला चिथावणी म्हणू नये, ही आमची मागणी आहे.

सबब सिद्ध करण्याचे ओझे आरोपीवरच असते. स्त्रियांना व कोठडीतील माणसांना १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो; तो पहिल्याच दिवशी मागावा. धुरा सरकला असेल तर मोजणीचा अर्ज करावा. कुऱ्हाडीने धुरा जागेवर येत नाही. दोन घरे मात्र उठतात.