भोकाची मालकी

भोकाला मालक असू शकतो काय, असे कोणी विचारले तर आपण हसू. भोक म्हणजे जेथे काहीच नाही ती जागा. तिच्यावर हक्क सांगणारा हक्क सांगतो तरी कशावर? पण अमेरिकेत कोलोराडो राज्यातील गोल्डन या गावी स्पायडरको नावाचा चाकूंचा कारखाना आहे. आपल्या चाकूच्या पात्यातील गोल भोक ही आपली निशाणी आहे, असे त्याचे म्हणणे असून ती निशाणी व्यापारचिन्ह म्हणून तेथील सरकारदरबारी नोंदलेली आहे. वरवर पाहता हा वकिली चहाटळपणा वाटतो. तथापि कारागिराने आपले काय राखावे आणि जगाला काय देऊन टाकावे, हा जुना प्रश्न या एवढ्याशा भोकात पुरा मावला आहे.

घडीचा चाकू उघडणे हे पूर्वी दोन हातांचे काम. पात्यावरच्या बारीक खाचेत नख अडकवायचे, दुसऱ्या हाताने मूठ धरायची, आणि नख तुटले तर चरफडायचे. सॅल ग्लेसर या गृहस्थांनी १९८१ मध्ये जो पहिला चाकू बाजारात आणला, त्याच्या पात्याला पाठीजवळ एक गोल भोक होते. अंगठ्याचे टोक त्यात टेकवून ढकलले की पाते एका हाताने उघडते. उजवा हात असो की डावरा. दोरीला लोंबकळणाऱ्या किंवा शिडीवर उभ्या असलेल्या माणसाला ही सोय केवढी, हे सांगायला नको. कल्पना नवी होती, म्हणून तिला पेटंटही मिळाले.

येथपर्यंत कोणाची तक्रार असू नये. पेटंट हा समाजाशी केलेला करार असतो. तू युक्ती उघड करून सांग, आम्ही तुला ठराविक वर्षे ती एकट्याने वापरू देऊ. मग ती सर्वांची. त्या काळच्या अमेरिकन कायद्यात ही मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची होती. व्यापारचिन्हाला मात्र शेवटची तारीख नसते. वापरत राहा, नूतनीकरण करीत राहा, ते नातवंडांपर्यंत चालते. तेव्हा आक्षेप घेणारा विचारतो की, पेटंटची मुदत संपल्यावर तीच वस्तू चिन्हाच्या नावाखाली कायमची गाठीला बांधायची, ही लबाडी नव्हे काय?

हा आक्षेप हलका नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ट्रॅफिक्स खटल्यात जवळजवळ हेच सांगितले. तेथे वाद होता रस्त्यावर ठेवायच्या फलकांचा. वाऱ्याने उलथू नयेत म्हणून त्यांना खाली दोन स्प्रिंगा लावलेल्या, आणि त्या स्प्रिंगांचे पेटंट संपलेले. ज्या अंगाचे एकदा पेटंट घेतले ते अंग उपयोगाचे आहे, याचा ते पेटंटच भक्कम पुरावा होय. उपयोगाच्या अंगावर चिन्हाचा हक्क नाही, असा निर्णय झाला.

मग गोल भोकाचे काय? माझे मत असे की, भोक आणि गोलाई या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. भोकाने पाते उघडते, ती युक्ती आता सर्वांची आहे व असावी. पण ते लंबगोल असले तरी उघडते, आणि इतर कारखाने तसे करतातही. याची साक्ष खुद्द स्पायडरकोच देते. चीनमध्ये तयार होणारे स्वस्त चाकू ती ‘बर्ड’ या नावाने विकते, आणि त्यांवर गोल भोक न ठेवता धूमकेतूसारखे शेपूट असलेले भोक ठेवते. ते चाकूही उघडतातच. म्हणजे गोलाई ही कामाची गरज नसून सहीसारखी आहे. स्वतःच्या धाकट्या मालावरही जो ती सही सहजी करीत नाही, त्याला तिची किंमत ठाऊक आहे असे म्हणणे भाग आहे. एक शंका तरीही उरते. यंत्राने पाडायला सर्वांत सोपे भोक गोलच. चौकोनी भोक पाडणाऱ्या लोहाराला विचारा! म्हणून हा हक्क जितका अरुंद ठेवता येईल तितका ठेवावा. उद्या त्याच कारखान्याने लंबगोलावरही बोट ठेवले, तर मी विरुद्ध बाजूला उभा राहीन.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण लेदरमन यांचे. टिम लेदरमन १९७५ मध्ये जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होते. गाडी वारंवार बिघडे आणि खिशातल्या चाकूने पक्कडीचे काम होईना. त्यातून पोटात चाकू, पेचकस, कानस सामावणारी घडीची पक्कड निघाली आणि १९८३ मध्ये विक्रीला आली. पुढे कूपर नावाच्या मोठ्या कंपनीने तशीच पक्कड काढली. गंमत अशी की, स्वतःचा माल तयार नव्हता म्हणून तिने जाहिरातीसाठी लेदरमनच्याच पकडीचे छायाचित्र थोडे बदलून वापरले. ज्यूरीने ५० हजार डॉलर नुकसानभरपाई आणि वर ४५ लाख डॉलर दंड ठोठावला; वरच्या न्यायालयांतून फिरून शेवटी दंड ५ लाखांवर आला. पण न्यायालयाने लेदरमनला हेही सुनावले की, पकडीचे रूप तुझ्या मालकीचे नाही. तिचा प्रत्येक भाग कामासाठी तसा आहे. खोटे चित्र दाखवणे हा गुन्हा, तशी पक्कड घडवणे हा नव्हे. मला हा निवाडा फार रास्त वाटतो.

आणि जे वेळीच जागे झाले नाहीत त्यांची गत फ्रान्समधील लायोल गावाला विचारावी. बारीक वळणदार मूठ आणि स्प्रिंगेच्या डोक्यावर मधमाशी, हा त्या गावच्या चाकूचा जगप्रसिद्ध घाट. पण घाट आणि माशी दोन्ही कोणाच्याच मालकीची राहिली नाहीत. १९९३ मध्ये परगावच्या एका व्यापाऱ्याने गावाचे नावच चिन्ह म्हणून नोंदवले आणि परदेशातून आणलेल्या मालावर चढवले. २०१२ मध्ये गावकऱ्यांनी चिडून वेशीवरची गावाच्या नावाची पाटी उतरवली. पॅरिसच्या न्यायालयाचा गावाच्या बाजूचा निकाल यायला २०१९ उजाडले.

आपल्या बडोद्याच्या वाचकांना हे सारे परकीय वाटू नये. सुपारीचे तबक गेले असेल, पण कच्छातल्या अंजारची सुडी पुष्कळ जुन्या घरांत फळीवर अजून सापडेल. अडकित्त्याचे घोडे, मोर आपण ओळखतो; घडवणारा लोहार ओळखत नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन काढून कारागिराच्या हाताला शिक्षण दिले. त्या हाताच्या सहीची काळजी घ्यायचे मात्र आपल्याकडे राहून गेले. १९५८ च्या कायद्यात चिन्हाच्या व्याख्येत वस्तूचा आकार नव्हता. १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आला, तेव्हा तो आत आला. आणि कामासाठी आवश्यक असलेला आकार नोंदता येणार नाही, ही अटही सोबत आली. नव्या नक्षीसाठी २००० चा डिझाइन कायदा आहे, पण त्याची मुदत १० वर्षे, फार तर आणखी ५; आणि आजोबाच्या वेळचा घाट नवा म्हणता येत नाही.

म्हणून अंजारच्या लोहारांनी सुडीचा घाट राखण्यामागे लागू नये. तो मिळणार नाही व मिळूही नये. सुपारी कातरायला जिची गरज नाही अशी एखादी खूण, समजा खिळ्याच्या टोपीवरचे फूल, सर्वांनी मिळून ठरवावी, प्रत्येक नगावर पाडावी आणि सामूहिक चिन्ह म्हणून नोंदवावी. त्याची तरतूद त्याच १९९९ च्या कायद्यात आहे. एका घराला हा खर्च आणि खटाटोप जड जाईल. वीस घरांनी वाटून घेतला तर जड जाऊ नये.