तीन चाकांची लाज कशाला?

गुडघे थकले की सायकल सोडावी, ही समजूत आपल्यात इतकी रुजली आहे की तिच्याविषयी कोणी शंकाही घेत नाही. पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. तेथे ज्यांनी उभे आयुष्य सायकलवरून पत्रके वाटली, वर्गणी गोळा केली, असे साथी सत्तरीनंतर घरी बसतात. मुलाने स्कूटरवरून आणले तर सभेस येतात, एरवी नाही. विचाराने थकण्याआधीच माणूस वाहनाअभावी थकतो आणि चळवळ त्याला मुकते.

गेल्या वर्षी मीही दोनदा पडलो. वेगात नव्हे, थांबताना, पाय वेळेवर जमिनीला लागला नाही म्हणून. चालत्या सायकलीवर तोल राखणे त्या मानाने सोपे. म्हातारपणी घात होतो तो चढता-उतरताना. ओळखीच्या सायकल-मिस्त्रीने माझ्याच जुन्या सायकलीला मागे दोन चाकांचा आस बसवून दिला. आता थांबले तरी पाय टेकावा लागत नाही. मागच्या टोपलीत अंकांचा गठ्ठा मावतो, तो निराळाच लाभ.

हे वाहन शिकावे मात्र लागते. दुचाकीवर वळताना आपण नकळत कलतो. तीनचाकी कलत नाही, हँडल वळवावेच लागते. वळण वेगात घेतले तर आतल्या बाजूचे चाक उचलले जाते, म्हणून अंग त्याच बाजूस झोकावे लागते. रस्त्याचा कडेचा उतार गाडीला सतत गटाराकडे ओढतो. पन्नास वर्षांच्या सवयी मोडण्यास मला आठवडा लागला. पहिल्या दिवशी तर शेजाऱ्याच्या कुंपणातच शिरलो.

पण त्याहून अवघड निघाली ती लाज. आपल्याकडे तीनचाकी म्हणजे लहान मुलाची, अपंगाची किंवा माल वाहणाऱ्याची. श्रमप्रतिष्ठेवर भाषणे करणाऱ्या आपणांस भंगारवाल्याच्या गाडीसारखे दिसणारे वाहन नकोसे का वाटावे? इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने १८८१ साली तीनचाकी विकत घेतली, तेव्हा तेथील प्रतिष्ठितांस ती शोभू लागली. आपणही एखाद्या राणीची वाट पाहत आहोत काय?

सरकारची दृष्टीही याहून फारशी निराळी नाही. गरीब वृद्धांसाठी २०१७ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठी, चष्मा, कवळी, श्रवणयंत्र, चाकांची खुर्ची मिळते. हे सारे हवेच. परंतु म्हातारा माणूस स्वतः पायडल मारीत बाजारात, वाचनालयात, मोर्च्यात जाईल, ही कल्पना त्या यादीमागे दिसत नाही.

रस्त्यांचेही तसेच. वाहनांना नव्हे, माणसांना जागा द्या, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच म्हटले आहे. प्रत्यक्षात मोटारी आणि स्कूटरी शिरू नयेत म्हणून सायकलमार्गाच्या तोंडाशी खांब रोवले जातात. स्कूटर त्यांतून सफाईने निसटते; अडकतो तो तीनचाकीवाला म्हातारा आणि चाकांच्या खुर्चीतला अपंग. मग दोघांनी बसगाड्यांच्या मधून जीव मुठीत धरून जायचे.

आपल्या प्रभागातील अशा खांबांमधले अंतर मोजून ते आकडे प्रभाग समितीपुढे ठेवणे, हे कोणत्याही शाखेस एका रविवारी जमण्यासारखे काम आहे. माझ्या गाडीची मागची रुंदी अडीच फूट आहे. मोजपट्टी घेऊन मी येतो.