पहिला भूमिका-खेळ

भूमिका वठवण्याच्या संगणक-खेळांत बहुधा एकच हिशेब असतो: शत्रू मारावा, अनुभवगुण मिळवावे, बळ वाढवावे. नवख्यासाठी टोबी फॉक्स यांचा २०१५ सालचा ‘अंडरटेल’ अधिक योग्य ठरावा. त्यात एकाही जीवाला न मारता शेवट गाठता येतो. मात्र हा मार्ग स्वस्त नाही. सोडून दिलेल्या शत्रूकडून नाणी मिळतात, अनुभवगुण मिळत नाहीत. खेळाडूची जीवनशक्ती अखेरपर्यंत २० च राहते आणि पुढचे वार मात्र कठीण होत जातात. इथेच मुले वैतागतात आणि एखाद्याला मारून बसतात. मग जुनी नोंद उघडून तो प्रसंग नव्याने खेळला, तरी खेळ त्यांना त्या मारल्याची आठवण करून देतो. खतावणीतली खाडाखोड अशीच दिसते! खेळ इंग्रजीत असल्याने आरंभी घरातील मोठ्यांनी शेजारी बसावे.