तुलनेचा मापदंड : मराठी आणि छत्तीसगढी

रायपुरात मराठी आणि छत्तीसगढी या भाषा पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आल्या आहेत. परंतु त्यांची तुलना बहुधा हिंदीच्या मापाने होते आणि छत्तीसगढीच्या क्रियापदात लिंगभेद ‘उरला नाही’, अशा उणेपणाच्या विधानाने ती संपते. वस्तुस्थिती निराळी आहे. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’ या मराठी वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगाप्रमाणे बदलते. हिंदीतही तसेच घडते. छत्तीसगढीत मात्र ‘टूरा हर आमा खाइस’, ‘टूरा हर रोटी खाइस’ असे म्हणतात. तेथे ‘ने’ नाही. क्रियापद कर्त्याच्या पुरुष-वचनाशी बांधलेले आहे. म्हणजे या अंगाने हिंदीला जवळची ठरते ती मराठी, छत्तीसगढी नव्हे. एवढ्यावरून भाषांचे कुळ ठरत नाही, हे खरे. पण ही उणीव नसून स्वतंत्र व्यवस्था आहे, हे निश्चित. हिरालाल काव्योपाध्याय यांनी तिचे व्याकरण लिहिले आणि ग्रिअर्सन यांनी 1890 मध्ये ते इंग्रजीत आणले. तरीही 2011 च्या जनगणनेत छत्तीसगढीचे सुमारे 1 कोटी 62 लाख भाषक हिंदीखालीच मोजले गेले. गणनेची सोय हा भाषाविचाराचा मापदंड होऊ नये. प्रत्येक भाषा आधी तिच्याच नियमांनी समजून घ्यावी. नात्याचा निर्णय त्यानंतर.